वीस गोळ्यांचं मॅगझिन

पहाटेपासून धुई अशी दाटली होती की पोलिसांच्या हत्यारखान्याच्या दारातून समोरचा कडुनिंब दिसत नव्हता. नोव्हेंबर सरत आलेला. पुंडलिकराव ठाकरे दोन्ही तळवे मांडीवर घासायचे आणि मग लोखंडाला हात लावायचे. सळईला तेलाची चिंधी गुंडाळायची, बंदुकीच्या नळीतून काढायची, नळी उजेडाकडे धरून एक डोळा मिटायचा. असं रोज सकाळी, बावीस वर्षं. चांदमारीवर, गोळीबाराच्या सरावात, उभं राहून राहून डावा कान गेला होता. त्यामुळे ते माणसाशी बोलताना मान तिरपी करत आणि शिपाई मागून त्यांची नक्कल करत. पण बंदूक अडली की तेच शिपाई "डॉक्टर, पाहा ना जी," करत दारात उभे राहत. मूळचे ढाणकीकडचे, घरचं रान भावाकडे. यवतमाळात त्यांचं म्हणून जे काही होतं ते या खोलीत होतं.

साडेदहाला साहेबांची गाडी दारात थांबली. साहेब उतरलेच नाहीत.

"झरीकडे टेंभाळ्यात बाई गेली. आपल्या पहाऱ्यातली एसएलआर बंदूक चालली नाही म्हणतात. अवजारं घ्या, बसा."

बोंडअळीचं साल होतं. कपाशीत धड बोंड शोधावं लागत होतं, तरी जे फुटलं ते वेचणं भाग होतं. आणि टेंभाळ्याच्या रानात वाघानं दिवाळीपासून दोन माणसं नेली होती. म्हणून वेचणाऱ्या बायकांमागे बंदूकवाले शिपाई उभे केले होते. बारा शिपाई, बारा बंदुका, एकेकाला एक मॅगझिन, सगळी पुंडलिकरावांच्या हातून गेलेली.

गाडी गावात शिरली तेव्हा वाघानं मारलेल्या विमलताईंना ओसरीवर ठेवलं होतं. वर लुगडं टाकलं होतं, पण मानेच्या जागी ते आत गेलं होतं. लुगड्याचा तेवढा भाग काळा पडून कडक झालेला. ओटीतला कापूस कोणी सोडला नव्हता. तो लाल होऊन पोटाला चिकटून बसला होता. नवरा, किसनराव, शेजारी उकिडवा बसलेला. हातात बंडीची उभारी, बैलगाडीच्या कडेला उभा खोवतात तो दांडा. रडत नव्हता. गाडी पाहून उठला.

"आले का बंदूकवाले? अजून एक आणली का न चालणारी?"

पहाऱ्याचा शिपाई पूनमसिंग राठोड ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलेला होता. पोलीस पाटलानं कोंडला होता, नाहीतर गावानं रानातच मारला असता. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटून दातांवर आलेला, उजव्या हाताचं एक बोट उलटं फिरलेलं. तो मधूनच "याडी, याडी" करत होता. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला तसं म्हणतात. पुंडलिकरावांना पाहून भिंतीला धरून उभा राहिला.

"भाऊ, तुमीच सांगा यायले. म्या पळालो नाई."

"काय झालं ते सांग. हळू सांग, ह्या कानाकडून."

"दव वाळलं तशा बायका ओळीनं लागल्या. विमलताई टोकाले. वाकलेलीच होती, तं तो आला. आवाज नाई, काई नाई. मानच धरली. म्या पह्यली गोळी वर हवेत झाडली, बाईले लागीन म्हून. त्यानं सोडलं नाई. मंग त्याच्यावर धरली न दाबली, तं खट्ट. हातानं खेचली, खट्ट. पाच-सहा डाव खेचली, भाऊ, वर गोळीच येईना. बाई तवरोक हातपाय हालवून राह्यली होती. माह्याकडंच पाहून राह्यली होती." त्यानं थुंकी गिळली, तिच्यात रक्त होतं. "मंग बंदूकच फेकून मारली त्याले. तोंडावर बसली. तवा सुटली बाई. पण मानच राह्यली नव्हती."

गाव वेगळं सांगत होतं. बंदूक सऱ्यांत पडलेली सापडली, अन् शिपाई दहा हातांवर धावताना दिसला. बंदूक टाकून पळाला.

साहेबांनी पुंडलिकरावांना बाजूला घेतलं. "मला एकच सांगा. बंदूक की माणूस? माणूस असेल तर बडतर्फ होईल, आणि हे लोक त्याला इथून जिवंत जाऊ देतील असं मला वाटत नाही."

तळ्याच्या बांधाआड चांदमारी करायचं ठरलं. गाव मागे लोटून उभं केलं. पुंडलिकरावांनी बंदूक मांडीवर घेतली. दस्त्यावर माती, नळीच्या टोकाशी तांबडे केस. एसएलआर ही दर गोळीमागं आपणच पुढची गोळी भरून घेणारी बंदूक. झाडलेल्या गोळीच्या धुराचा जोर तिला मागं ढकलतो. तो जोर कमी पडला तर ती अडते. पण पूनमसिंगानं हातानं खेचली होती, तेव्हा धुराचा प्रश्न नव्हता. पहिलं टरफल बाहेर पडलेलं, म्हणजे टरफल काढणारा आकडाही शाबूत. खालून गोळीच वर येत नव्हती, म्हणजे दोष मॅगझिनचा. मॅगझिन म्हणजे पत्र्याची डबी. तळाला स्प्रिंग, स्प्रिंगवर पाटी, पाटीवर गोळ्या. पाटी वर ढकलते, गोळी तोंडाशी येते.

पहाऱ्याच्या दुसऱ्या शिपायानं ते मॅगझिन आधीच रिकामं करून ठेवलं होतं; पुंडलिकरावांनी त्यात रिवाजाप्रमाणं पाच गोळ्या भरल्या आणि बांधावर झाडल्या. पाचही गेल्या. एकही अडली नाही.

साहेबांनी मान हलवली. तेवढ्यानं गावाला कळलं.

"चालते! बंदूक चालते!"

"पोट्टं खोटं बोलून राह्यलं! बंदुकीत बोरं भरली होती का बे?"

"काढा त्याले भायेर!"

पन्नास-साठ माणसं पंचायतीकडे धावली. दोन शिपाई दारात आडवे झाले तर त्यांना कॉलर धरून ओढून टाकलं. कोणी कुऱ्हाड दारावर घातली, फळी फुटली. खिडकीच्या गजांमधून दगड आत जात होते आणि आतून दर दगडामागं पूनमसिंगाचा आवाज येत होता, आधी ओरडण्याचा, मग नुसता श्वास सुटल्यासारखा.

पुंडलिकराव मॅगझिन मुठीत धरून धावले. बावन्नाव्या वर्षी तसे ते कधी धावले नव्हते. खिडकीशी पोहोचले तेव्हा एक दगड त्यांच्याच पाठीत बसला.

"पूनम! कितीक भरल्या होत्या बे?"

आत कोपऱ्यातून आवाज आला, "वीस! पुऱ्या वीस, भाऊ! भेव लागत होतं म्हून!"

पुंडलिकराव वळले आणि खिडकीला पाठ लावून उभे राहिले. "थांबा! अजून एक डाव पाहू द्या! मंग जे करायचं ते करा!"

सरावाला पाचच गोळ्या भरायच्या, हा रिवाज. दसऱ्यानंतर सगळ्या बंदुका पाच-पाच गोळ्यांनी तपासून त्यांनीच सही केली होती. पाच गोळ्यांनी पाटी अर्ध्यापर्यंतही खाली जात नाही.

तिथंच ओट्यावर बसून त्यांनी वीस भरल्या. शेवटच्या चार अंगठ्याच्या जोरानं दाबाव्या लागल्या. पुन्हा बांध. किसनरावासह अर्धं गाव मागं आलं, बाकीचे दाराशीच थांबले. पहिली गोळी गेली. दुसरी दाबली, खट्ट. हातानं खेचली. खट्ट. पुन्हा खेचली. मॅगझिन काढून पाहिलं तर गोळ्या बोटभर खाली, हलेनात. भरताना अंगठ्याच्या जोरानं पाटी खाली गेली होती. वर यायला मात्र स्प्रिंगचाच जोर, आणि तो पुरत नव्हता.

ते गावाकडे पाठ करून उकिडवे बसले. गोळ्या एक एक उकरून काढल्या, तळाची झाकणी सरकवली, स्प्रिंग ओढली. स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्यांत पिवळा-लाल लगदा सुकून खडकासारखा झाला होता. हळद, कुंकू, नारळाचं पाणी. त्यात तांदळाचे तीन दाणे. वीस गोळ्यांनी तळापर्यंत दबलेले वेढे त्यातच अडकून बसत होते.

दसऱ्याला हत्यारखान्यात शस्त्रपूजा असते. नेम असा की पूजेला हत्यार भरलेलं नको, म्हणून मॅगझिनं रिकामी, तोंडं वर करून पाटावर मांडायची. पूजेला दरसाली पुंडलिकरावच बसायचे. आपट्याच्या पानानं नारळाचं पाणी शिंपडलं ते त्यांनी, हळद-कुंकू वाहिलं ते त्यांनी, मूठभर अक्षता टाकल्या त्याही त्यांनीच. दुसऱ्या दिवशी सगळं वरून पुसलं, तेलाचा हात फिरवला. आतून उघडलं नाही. देवाचं कुंकू आतून कशाला खरवडायचं, असंच काहीसं मनात आलं होतं.

अंगठ्याच्या नखानं एकदा खरवडलं असतं तर तो लगदा मातीत पडला असता. साहेब दहा पावलांवर होते, गाव त्यांच्याही मागं. स्प्रिंग कमजोर झाली म्हटलं असतं, तर स्प्रिंगला कोणी मारत नाही. त्यांचा अंगठा तिथं टेकलाही होता.

ते उठले. स्प्रिंग तशीच हातात धरून किसनरावासमोर गेले.

"हे काय व्हय?" किसनराव म्हणाला.

"अक्षता. दसऱ्याच्या. माह्या हातच्या. पोट्टं खरं बोलून राह्यलं. त्याची गोळी वर आली नाई ते माह्यापायी."

किसनरावानं तांदळाचे दाणे बघितले. मग उभारी उचलली. पहिला वार पुंडलिकरावांनी डाव्या हातावर घेतला; मनगटावरचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना चांगल्या कानानं ऐकू आला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्यानं ते गुडघ्यावर आले. चौथा डोक्यावर येत असताना साहेबांनी किसनरावाला मागून कवळ्यात धरलं. तो कवळ्यातच लाथा झाडत होता.

"माही बाई! तुह्या कुंकवानं माही बाई नेली बे! तुह्या कुंकवानं!"

दार फोडायला गेलेली माणसं तिथंच थबकली होती. बांधावरचं कळलं तशा कुऱ्हाडी खाली आल्या. पोलीस पाटलानं जाऊन पूनमसिंगाला बाहेर काढलं. तो लंगडत आला आणि जमिनीवर बसलेल्या पुंडलिकरावांसमोर उभा राहिला. कपाळातून रक्त हनुवटीवर उतरत होतं.

"पुंडलिकभाऊ, औंदा देवाले काय मागतलं होतं?"

पुंडलिकरावांनी मान तिरपी केली नाही. ऐकू आलं होतं.

साहेबांनी त्यांचा जबाब लिहून घेतला, खाली सही घेतली. निलंबनाचं नंतर कळवतो म्हणाले. विमलताईंना उचललं तेव्हा उन्हं कलली होती. गाव मसणवटीकडे गेलं. दवाखान्याची गाडी अजून झरीहून निघायची होती. उद्या सकाळी दव वाळलं की पुन्हा बायका रानात शिरणार होत्या, कारण उभ्या कपाशीत कापूस ठेवून कोणाचं चालणार नव्हतं. आणि पहाऱ्याची बाकी अकरा मॅगझिनं पूजेच्या त्याच पाटावरून उठलेली होती.

पंचायतीच्या ओट्यावर पुंडलिकरावांनी ती अकराही मॅगझिनं गोळा करवली आणि गाडीतलं डिझेल एका घमेल्यात मागवलं. डावा हात उपरण्यानं गळ्यात बांधलेला. त्यांनी पहिलं मॅगझिन गुडघ्यात दाबलं, उजव्या हातानं झाकणी सरकवली, स्प्रिंग ओढून घमेल्यात टाकली. डिझेलवर पिवळा तवंग आला. त्यांनी दातात धरून चिंधी फाडली, बोटाला गुंडाळली आणि तळ घासायला घेतला.