समोरच्या काकांचा बाळ्या

समोरच्या काकांइतका सावध माणूस पार्सिपनीतच काय, अख्ख्या न्यू जर्सीत नसेल. आमच्या टाउनहाउसच्या बरोबर समोर राहणारे हे काका लहान मुलांचे डॉक्टर, आता रिटायर झालेले. लख्ख उन्हातही गाडीत छत्री, दूध ओतण्याआधी त्याचा वास, आणि कुणाच्याही घरी जेवायला गेले की पहिला प्रश्न, "यात शेंगदाणे आहेत का?" त्यांना स्वतःला शेंगदाण्यांचं काहीही होत नाही, प्रश्न आजूबाजूच्या मुलांसाठी असतो. गुबगुबीत बाळ मिरवणाऱ्या आयांना त्यांनी जन्मभर एकच ऐकवलं, "बाळसं म्हणजे तब्येत नव्हे. भरवणं थांबवा." माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी हे माझ्या आईलाही ऐकवलं होतं, आणि आई ते अजून विसरलेली नाही.

असा माणूस काकू गेल्यावर घोरपड पाळेल असं कुणाला वाटलं असतं? मला तर काकांनी ती पाळायच्या सरकारी परमिटचा कागद दाखवला तेव्हा कुठे खरं वाटलं. "मांजराची मला अ‍ॅलर्जी, आणि कुत्र्याला बर्फात कोण फिरवणार? पण कुणाचं तरी बघायची सवय लागलीय रे," ते म्हणाले. मग एका रविवारी मी त्यांना ड्राइव्ह करून सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनाला घेऊन गेलो. तिथे प्लॅस्टिकच्या डब्यांत आफ्रिकन घोरपडीची वीतभर पिल्लं ठेवली होती. काकांनी चक्क ओपीडी उघडली. डोळे खोल गेलेत का, शेपटीचं बूड भरलेलं आहे का, बोटांवर जुनी कात अडकलीय का, सगळं तपासलं, आणि तोवर आमच्या मागे रांग लागली. एक पिल्लू हातावर शहाण्यासारखं पडून राहिलं, ते मला आवडलं. काकांनी ते परत ठेवलं आणि फुगून फुसकारत त्यांच्या अंगठ्याला चावणारं उचललं. "रडणारं मूल चांगलं. गप्प मूल आलं की मी रांग सोडून आधी त्याला घ्यायचो," असं म्हणत त्यांनी अंगठ्याला पट्टी लावली. पट्टी अर्थातच त्यांच्या खिशात होती.

त्याचं नाव बाळ्या पडलं आणि त्या घराचे दिवस पालटले. काका स्वतः हीटिंग कमी ठेवून दोन स्वेटरांत बसायचे, आणि बाळ्याच्या काचेच्या पेटीत आफ्रिकेचं ऊन. बिळं खणायला हातभर खोल माती, वर दिवा, आणि दिव्याखालचा दगड किती तापलाय हे दिवसातून चारदा मोजणं. ज्या घरात काकूंनी एक झुरळ कधी जिवंत सोडलं नाही, तिथे पोस्टाने डबे भरून झुरळं यायला लागली. काका त्यांना कॅल्शियमची पूड लावून चिमट्याने एकेक भरवायचे. पुढे गोठवलेले उंदीर आले. काका पक्के शाकाहारी, म्हणून उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा फ्रीज घेतला. काकूंच्या फ्रीजमध्ये ते ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नसतं. बाळ्याही लबाड. काका दिसले की काचेला पंजे लावून उभा राहायचा. "बघ, भूक लागलीय त्याला," की गेला उंदीर पेटीत. आम्ही भेटायला गेलो की चिमटा आमच्या हातात द्यायचे, "तुझ्या हातून एक होऊ दे." पंगतीत जिलबीचा आग्रह करावा, तसा. माझी मुलगी एकदा म्हणाली, "काका, ही इज सो फॅट!" काका कौतुकाने हसले. "फॅट नाही गं, बाळसं आहे ते." हे वाक्य कोण बोलतंय, ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मीही हसलो, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

यंदा थंडी सरत आली तरी बाळ्या बिळाबाहेर येईना. आला तर पोट मातीला घासत चार पावलं टाकून थांबायचा. मी दोघांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरकडे गेलो. एक तरुण बाई होती. एक्स-रे, रक्ततपासणी सगळं करून ती म्हणाली की लिव्हरवर चरबी साठलीय, आणि असंच चालू राहिलं तर हा वर्षभरही काढणार नाही. मग तिने विचारलं, "हू फीड्स हिम?" काका म्हणाले, "आय डू." आपणही डॉक्टर आहोत, हे काही त्यांनी तिला सांगितलं नाही.

परतताना टू-एटी-सेव्हन हायवेवर ते मांडीवरच्या बाळ्याच्या डब्यावर हात ठेवून बसले होते. मग म्हणाले, "तुझ्या काकूच्या पोटात शेवटी शेवटी काही जात नव्हतं रे. चमचा पुढे केला की तोंड फिरवायची. हा कधी तोंड फिरवत नाही." मी गाडी चालवत राहिलो.

उंदीर बंद झाले आणि आठवड्यातून दोनदा मोजके किडे, एवढंच ठरलं. पण तीन आठवड्यांनी वजन केलं तर काटा तिथेच. मी नुसतं काकांकडे पाहिलं. "थोडंसं देतो रे. काचेवर उभा राहतो तो," ते खालमानेने म्हणाले. दुसऱ्या दिवशी चिमटा, किड्यांचा डबा आणि गॅरेजमधल्या फ्रीजची किल्ली घेऊन ते आमच्या दारात उभे. "हे तू ठेव. तूच घालत जा. माझा हात थांबत नाही."

तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी मी जातो. बाळ्याचं वजन थोडं उतरलंय. वाचेल की नाही, ते ती डॉक्टरबाई अजून सांगत नाही. मी किडे घालतो तेव्हा काका किचनमध्ये पाठमोरे उभे राहून धुतलेलीच भांडी पुन्हा धुतात. मोजके किडे संपले की बाळ्या हळूहळू काचेवर चढतो आणि माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे बघत राहतो. "संपलं म्हणून सांग त्याला," काका न वळता म्हणतात. "मी सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही."

मी वाकून बाळ्याला सांगतो. मग बायकोने दिलेला पोळीभाजीचा डबा काकांपुढे उघडतो आणि ते जेवेपर्यंत तिथून हलत नाही.