बायकोच्या वडिलांच्या रकान्यात मी

कंपनीचे कागद करणाऱ्या सीए बाईंनी स्क्रीनवरून मान वर केली. “काका, तुम्ही यांचे मिस्टर ना?”

“हाव.”

“मग इथं वडील कसे काय?”

बायकोच्या पॅनकार्डावर वडिलांच्या जागी माझं नाव होतं. तो फॉर्म कधीकाळी मीच भरला होता. आपल्याकडं लग्न झालेल्या बाईच्या नावात मधोमध नवरा बसलेला असतो. रकाना दिसला, हात चालला. आता कंपनीत आम्ही दोघं संचालक, अन् कागदोपत्री बाप-लेक. वयात अंतर चार वर्षांचं.

“चौथ्या वर्षी लेक झाली का काका?” बाई हसल्या. बायको हसली नाही.

नांदेडात घरामागच्या शेडमध्ये ती केळीचे वेफर्स करते. कंपनीसाठी तिनं एकच नाव धरून ठेवलं होतं, तिचे वडील तिला ज्या लाडाच्या नावानं हाक मारायचे ते. ते मंजूर झालं होतं, पण वीस दिवसांपुरतं. तेवढ्यात बाकीचे कागद गेले नाहीत तर नाव सुटणार. अन् पॅन दुरुस्त झाल्याशिवाय कागद जाणार नाहीत. त्यासाठी वडिलांच्या नावाचा पुरावा हवा, म्हणजे शाळेचा दाखला, अन् तो तर कधीच हरवलेला.

माझं डोकं तापलं. मी चुकीचा बाप लावला तेव्हा कुणी चिटोरं मागितलं नव्हतं. खरा बाप लावायचा म्हटल्यावर साऱ्या जगाला पुरावा पाहिजे! रागाच्या भरात मी फॉर्मची कोरी प्रत काढून वाचली. विवाहित स्त्रियांनीही वडिलांचंच नाव लिहावं, असं तिथं चक्क छापलेलं. मग तर राग आणखीनच वाढला, कारण आता तो काढायला दुसरं माणूसच उरलं नाही.

तिची शाळा निलंग्याची. चूक माझी, म्हणून एसटीनं एकटाच गेलो. तिथल्या क्लार्कनं पुडी तोंडात सोडली.

“दुसरी प्रत पाहिजे? विद्यार्थिनी सोता येईल, न्हाईतर वडील.”

“वडील वारले.”

“मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणा.”

“अहो, मी नवरा हाय तिचा. नांदेडहून आलो.”

त्यानं माझ्याकडचे कागद चाळले. पॅनची झेरॉक्स बघून त्याचा चेहरा उजळला. “ह्याच्यावर तर तुम्हीच वडील हाव की! पालक म्हणून सही ठोका. आत्ता देतो दाखला.”

पेन त्यानं पुढं केला. विसातले सहा दिवस गेले होते. सही केली असती तर संध्याकाळी दाखला घरी असता. पण ज्या माणसानं तिला ह्याच शाळेत सायकलवर आणून सोडलं, त्याच्या जागी दुसऱ्यांदा बसायचं? तेही पेन हातात घेऊन, समजून-उमजून?

“मी तिचा बाप न्हाई!” मी इतक्या जोरात ओरडलो की वर्गातली पोरं खिडकीशी आली. क्लार्कनं पेन खिशात घातला. “मग आणा विद्यार्थिनीला. अन् आवाज कमी. हेडमास्तर आता निघतील, मग सोमवारीच भेटतील.”

सोमवारी बायको गेली, पन्नाशीची विद्यार्थिनी. दाखला मिळाला, दुरुस्तीचा अर्ज गेला. मी रोज पोस्टमनची वाट अडवून उभा. वीस दिवस संपले, नाव सुटलं. त्यानंतर दोन दिवसांनी नवं कार्ड आलं.

तिनं वडिलांच्या नावावरून अंगठा फिरवला. मी आपलं सगळं सांगून टाकलं, तो पेन, ते ओरडणं. तिथं गप सही केली असती तर नाव वाचलं असतं, हेही सांगितलं.

“नाव परत मागू,” ती म्हणाली. “पण त्या दिवशी सही करून आला असता ना, तर तुम्हाला कंपनीत घेतलंच नसतं.”