दहावी सही

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि देवापुढं उभी राहिले तेव्हाही नाही — पण ते पुढं येईल. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. जे ओळखतात ते मला ‘सरळ बाई’ म्हणतात, आणि ते ऐकलं की हल्ली मी विषय बदलते.

मी सणसरची. इंदापूर तालुक्यात लोकांची कामं करत फिरते. रेशनकार्डं, दाखले, विधवा बायकांची पेन्शन, कालव्याच्या शेवटच्या गावांचं पाणी. पाण्यासाठी तर पाटबंधारे ऑफिसच्या दारात बायका घेऊन कितीदा बसलेय. असंच एकदा कुणीतरी म्हणालं, ताई, दुसऱ्याच्या दारात बसण्यापेक्षा तुमीच आमदार का होत न्हाय? मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू — फार आवडलं. गेल्या वेळच्या आधीची विधानसभा. मी अपक्ष उभी राहायचं ठरवलं.

मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. त्याच मतदारसंघातली दहा माणसं, दहा सह्या. माझे दहावे सूचक होते डाळजचे खंडूतात्या.

तात्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही मी काय केलं ते. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. आता पोरं शेती करतात, पण तात्यांनी वीसेक मेंढरं हट्टानं ठेवलीत. मी डाळजला दुपारची मोठ्यांची शाळा चालवायची, तिथं तात्या यायचे. येऊन बायकांच्या मागं बसायचे आणि सगळ्यांच्या आधी कंटाळायचे. पण नाव लिहायला शिकले. पाटी पुसून पुसून शिकले. मी त्या वर्गात एकच गोष्ट शंभरदा सांगायची — सही म्हणजे आपला शब्द. दुसऱ्याला करू द्यायची नाही, दुसऱ्याची करायची नाही. आमच्याकडं अंगठे घेऊन लोकांचं काय काय लिहून घेतलंय, ते मी पाहिलं होतं.

सूचक व्हाल का, असं मी तात्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “व्हतो की. पर अंगठा लावायचा न्हाय मी. सही करणार.” मग आठ दिवस सराव. सुनेनं सांगितलं, जुन्या पंचांगाच्या पाठीवर लिहीत बसतात, पान उरलं नाही.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस. तीन वाजता दार बंद. नऊ जणांच्या सह्या झाल्या होत्या आणि तात्यांचा पत्ता नव्हता. डाळजच्या कडेला धरणाचं पाणी मागं सरलं की तळाच्या गाळात गवत उगवतं, तिथं मेंढरं चारतात. नेमकी त्या दिवशी एक मेंढी गाळात रुतली. तात्या तिला काढत बसले. हे सगळं मला नंतर कळलं.

आता नीट सांगते. माझी पन्नास माणसं इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात उभी होती. त्यांतल्या कुणालाही सूचक करता आलं असतं. अर्जावर तात्यांचं नाव आधीच लिहिलेलं होतं, ते खोडून नवं लिहायचं, मतदारयादीत त्या माणसाचा क्रमांक शोधायचा — किती वेळ गेला असता? दहा मिनिटं. तेवढा वेळ होता. मी घड्याळ पाहिलं होतं, म्हणून सांगतेय. नुसता कंटाळा म्हणा, घाई म्हणा, किंवा आपण एवढं काम केलंय, आपल्याला कोण काय म्हणणार, हा माज म्हणा. माजच. मी जिन्याच्या वळणावर थांबले, पिशवीवर अर्ज ठेवला आणि तात्यांची सही केली. मीच शिकवलेली. अवघड गेली नाही.

तात्या चार वाजता आले, माणसं पांगल्यावर. गुडघ्यापर्यंत गाळ, डोक्याला मात्र नवा पिवळा पटका. “माझी सही?” म्हणाले. मी म्हणाले, झालं तात्या, सगळं झालं, काळजी करू नका. त्यांचा चेहरा पडला. आपल्या जागी दुसरा कुणी घेतला, असं त्यांना वाटलं असावं. मी ते तसंच वाटू दिलं. ज्याला पाटीवर ‘दुसऱ्याची करायची नाही’ शिकवलं, त्याला काय तोंडानं सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी. उमेदवाराबरोबर आत माणसं नेता येतात. काल हिरमुसले होते म्हणून मी तात्यांना नेलं — मान म्हणून. त्यांना खूश करून माझं मन हलकं करायचं होतं, दुसरं काय? आणि समोरच्या उमेदवाराच्या वकिलानं नेमकी हरकत घेतली, की दहाव्या सहीचं अक्षर आणि उमेदवाराचं अक्षर एकच दिसतंय. निवडणूक अधिकारी साहेबांनी नाव वाचलं. तात्या चमकले. हे तर आपलंच नाव!

साहेबांनी कागद फिरवून त्यांच्यापुढं धरला. ही सही तुमची का? तात्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. तू सांगशील तसं बोलतो, असं काहीतरी होतं त्या बघण्यात. मी मान खाली घातली. अजून माझ्यासाठी थांबले होते ते.

“न्हाय सायेब,” म्हणाले. “माझी सही मला येतीया.” आणि कोरा कागद मागून त्यांनी सही करून दाखवली. मोठी, वाकडी, शेवटचं अक्षर ओळीच्या खाली उतरलेलं. चारचौघांत त्यांनी केलेली ती पहिली सही. तिनं माझा अर्ज बाद झाला.

बाहेर बातमी माझ्याआधी पोचली. तात्या फुटला! म्हाताऱ्याला कुणीतरी फोडलं, मुद्दाम वाकडी सही करून ताईला बुडवलं. मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं मी रडतेय. मी त्या क्षणी काय विचार करत होते, सांगू? की बरं झालं, कुणाला कळलं नाही.

इथवर भित्रेपणा म्हणून सोडून देता आलं असतं. पण पुढची पाच वर्षं? ‘माझ्याच माणसानं घात केला’ — हे वाक्य आधी लोक बोलायचे, मग मी बोलू लागले. एका सभेत सहज बोलून गेले. बायकांनी डोळे पुसले, म्हणून दुसऱ्या सभेत मुद्दाम बोलले. नंतर तर कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा, तेही ठरून गेलं. त्यांचं नाव मी घ्यायची नाही. गरजच नव्हती, तालुक्याला नाव पाठ होतं. डाळजला तात्यांना कुणी पारावर सरकून जागा देईना. नातीचं जमलेलं लग्न मोडता मोडता राहिलं.

मग डाळजच्या बिरोबाची जत्रा आली; मलाही बोलावणं होतं. आमच्या भागात माणसावर आळ आला की तो देवापुढं भंडारा उचलतो. हळदीची ती मूठ हातात घेऊन खोटं बोललेला माणूस मी पाहिलेला नाही. तात्यांनी सगळ्या गावासमोर भंडारा उचलला. “म्या कुणाचं काय घेतलं न्हाय. शबूद फिरवला न्हाय.” आणि भंडाऱ्याचं ताट त्यांनी माझ्यापुढं धरलं. “पोरी, तू बी उचल.”

एवढंच म्हणाले. अर्ज माझ्या पिशवीतून दुसरीकडं कुठं गेला नव्हता, एवढं त्यांना कळत नव्हतं? सगळं कळत होतं. पण त्यांनी गावाला सांगितलं नाही. मला सांगायला जागा दिली. मी तोंड उघडण्याआधीच माणसं त्यांच्या अंगावर धावली — ताईवर आळ घेतोस व्हय रं! ताट हिसकलं, हळद सांडली. मी काय केलं? सांडलेल्यातली चिमूटभर घेतली, कपाळाला लावली आणि गाडीत बसले. देवापुढं उभी होते म्हणाले ना मघाशी, ते हे.

पुढच्या निवडणुकीला उभी राहिले आणि पडले. मत द्यायला तात्या आले होते. शाई लावलेलं बोट माझ्याकडं करून म्हणाले, “तुलाच दिलंय.” मी हात जोडले. उमेदवार जोडतात तसे.

आता माझ्याबरोबर काम करणारी पोरं पुन्हा निवडणुकीच्या तयारीला लागलीत. बारामतीच्या छापखान्यातून माझ्या कार्याची पुस्तिका तपासायला आली आहे. त्यात एक पान त्या घाताचं आहे, तात्यांच्या नावासकट. खाली मी सही केली की छपाई सुरू. तीन दिवस कागद तसाच पडलाय.

परवा त्याच इंदापूरच्या कचेरीत गेले होते, एका बाईच्या पेन्शनसाठी. माझ्यापुढं रांगेत तात्या. हयातीचा दाखला द्यायला आलेले. पाठ वाकलीय, पटका मळलाय. मी मागं आहे, हे त्यांनी पाहिलं नाही. टेबलावरच्या मुलीनं त्यांच्यापुढं पेन धरलं. तात्यांनी ते बाजूला सारलं आणि अंगठा पुढं केला. जुना कागद काढून ती म्हणाली, आजोबा, इथं तर सही आहे तुमची, येते ना तुम्हाला?

“येत हुती,” तात्या म्हणाले.

तिनं शाईचा डबा पुढं सरकवला. त्यांनी अंगठा दाबून लावला, धोतराला पुसला आणि निघून गेले. मग माझा नंबर आला.