मुसीकाठचा कावळा

हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं त्या हिवाळ्यात आमची कंपनी सिकंदराबादला होती. मी नाईक होतो. घरच्या पोरांना वाटतं, मी तोफांच्या तोंडी उभा राहिलो. खरं सांगायचं तर नोकरीतला सगळ्यांत अवघड पहारा मी एका कावळ्यासमोर दिला.

काचीगुडा स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन मारोती बरकतपुऱ्यात मारला गेला. भर दुपारी, बायकोच्या देखत. मारणारा त्याच गल्लीतला. संशयावरून पकडलाही गेला. पण मारोतीची बायको सोनाबाई ठाण्यात एवढंच म्हणाली, "म्या काई पायलं न्हाई." भ्यायली होती. नेमकं मारोतीच्या दहाव्यालाच आरोपीला दुपारच्या गाडीनं बाहेर न्यायचं ठरलं. मारोतीचा धाकटा भाऊ किसन यानं त्याला स्टेशनवरच तोडणार म्हणून गल्लीभर सांगून टाकलं होतं.

आमचे सुभेदारसाहेब डोगरा होते. म्हणाले, "नाईक, तू मराठी है. उनके साथ रह. गाड़ी छूटने तक लड़का घाट से हिले नहीं."

"जी साब."

"और बीच में बोलना मत."

हे शेवटचं खास माझ्यासाठी होतं. गप्प बसण्याबद्दल कंपनीत माझी ख्याती नव्हती.

सकाळी मुसीच्या काठी पिंड मांडला. जीप मागं उभी केली, वायरलेसवर ऑपरेटर बसवला, आणि मी रायफल खांद्याला लावून किसनच्या पाठीशी उभा राहिलो. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्याचा जीव मोकळा. नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागं राहिली. मग घरच्यांनी एकेक वचन मोठ्यानं द्यायचं. ज्या वचनावर कावळा येईल, ते पाळणं त्या घराला भाग.

कावळा येईना. चुलता म्हणाला, "मारोती, लेकरं सांभाळू रे." काही नाही.

मग किसन उठला. "दादा, त्येचा मुडदा पाडतो. आजच पाडतो. हौ, शब्द देतो!"

मला कुतूहल आवरेना. भटजींच्या कानाशी लागून विचारलं, "बुवा, असलं वचन चालतं?"

"मला विचारू नका. वर बसलेत त्यांना विचारा."

वर बाभळीवर कावळे होतेच, पाचसहा. बघत होते. मी रायफल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, तसे सगळे फडफडून उडाले आणि पुन्हा बसले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मळ्यातलं बुजगावणं जे काम फुकट करायचं, तेच सरकार माझ्याकडून पगार देऊन करून घेत होतं. कावळे मला भीत होते.

मागं सरणं सोपं होतं. पण किसनचा शब्द अजून हवेत होता. त्याच्यावर कावळा उतरला असता तर त्याला कुणीच थांबवू शकलं नसतं. आज नाही तर उद्या. मी पिंडाकडं एक पाऊल पुढं सरकलो.

"फौजी, जरा मागं व्हा," भटजी म्हणाले. त्यांनाही कळलं होतं.

"ऑर्डर नाही, बुवा."

वायरलेस खरखरला. ऑपरेटरनं ओरडून सांगितलं, "साब पूछते हैं, देर क्यों? ओव्हर."

"बोल, कव्वा नहीं आया."

थोड्या वेळानं उत्तर आलं. "साब पूछते हैं, ये कव्वा कौन है? हथियार है उसके पास?"

किसननं पुन्हा तोच शब्द दिला, अधिक मोठ्यानं. त्याचा आवाज फाटला होता. मी हललो नाही.

मग सोनाबाई पुढं आली. पिंडासमोर बसली आणि शेजारी बसल्यासारखं बोलू लागली.

"अवो, ऐकता का. भावजींना म्या फासावर जाऊ द्यायची न्हाई. घरात त्येवढाच बाप्या ऱ्हायलाय. म्या पायलंय तुमाला मारणाऱ्याला. कोर्टात हुबी ऱ्हाईन, बोट दावीन. भ्यायची न्हाई आता."

मी वळलो आणि घाईची लागल्यासारखा जीपकडं निघालो. रायफल सीटवर आडवी टाकली. मागं पंखांचा आवाज झाला.

किसननं पिंडावर उतरलेल्या कावळ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "वैनी, खरंच बोलशीला?"

"बोलंन."

तो माझ्याकडं आला. "फौजी दादा, कोयता स्टेशनातल्या पाण्याच्या टाकीखाली हाय. काढून घ्या."

ती कोर्टात बोलली. आरोपीच्या वकिलानं तिला बराच वेळ उभं धरलं, तिचं बोट खाली आलं नाही. किसन बाहेर पायरीवर बसून होता. त्याचा राग गेला का? नाही. पुढं कितीदा तरी भेटला, दर वेळी मुठी वळूनच त्या माणसाबद्दल बोलला. पण म्हातारा होईपर्यंत बोलला, घरी पोरांत बसून.

आमच्या कंपनीतले जे गेले त्यांची नावं दगडावर आहेत. मारोतीचं कुठंच नाही. मी त्याला जिवंत पाहिलंही नाही. सोनाबाईकडून ऐकलं ते एवढंच: गाडी सुटली तरी तो हिरवा झेंडा लगेच गुंडाळत नसे. शेवटच्या डब्यातला गार्ड हात करीपर्यंत तसाच उभा राहायचा.