पक्की खळ

वहिनी गेल्यावर भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी भावजींना म्हणालं, चाळीस वर्षं एका घरात काढलीत, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखणार? भावजींनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे समोरच्याला कळलं नाही, आणि भावजींनीही ते कळू दिलं नाही. खरं सांगायचं तर वहिनींना चहात किती साखर लागते हे त्यांना ठाऊक होतं. कुठला गुडघा दुखतो हेही ठाऊक होतं. त्या रागावल्या की आवाज चढत नाही, उलट उतरतो, इतपत अंदाज होता. त्यापलीकडे पाटी कोरीच.

भावजी म्हणजे वहिनींच्या नवऱ्याचे, दादांचे, धाकटे भाऊ. छापखान्यात बाइंडर होते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचं वय उलटून गेल्यावर लोकांनी विचारणंही सोडलं. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत दादा, वहिनी, त्यांची तीन मुलं आणि म्हातारी आई राहत. भावजींची खाट काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत असे. तिथून स्वयंपाकघर सरळ दिसायचं, म्हणून त्यांना वाटे की आपल्याला घरातलं सगळं दिसतं.

वहिनी लग्नाआधी एका फोटो स्टुडिओत रंग भरायच्या. त्या काळी रंगीत फोटो क्वचित निघत. लोक साधा काळापांढरा फोटो काढून त्यावर हाताने रंग भरून घेत. गालावर लाली, लुगड्याला हिरवा, मागच्या पडद्यावर आभाळ. स्टुडिओवाल्याने लग्नात भेट म्हणून आपला जुना कॅमेरा दिला होता. सासरी तो कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर, लोकरीच्या कपड्यांमागे जाऊन बसला. दादा चारचौघांत सांगायचे, "आमची ही कलाकार आहे बरं का." आणि मग त्याच दमात, "अगं, पाणी आण."

पहिली काही वर्षं वहिनींनी चित्रं काढून पाहिली. वेळ ठरलेली होती: दुपारी अडीच ते चार. जेवणाची भांडी झालेली, मुलं अजून शाळेतून यायची, सासूबाईंचा डोळा लागलेला. इस्त्रीच्या टेबलावर कागद, कान तुटलेल्या बशीत रंग. पण तो दीड तास कधी दीड तासाचा झाला नाही. कधी दारावरची बेल, कधी सासूबाईंचा खोकला, कधी अर्धी शाळा. एकदा ओल्या चित्रावर धाकट्याने दप्तर ठेवलं. दप्तराच्या बुडाला निळं आभाळ लागलं आणि वर्षभर शाळेत ये-जा करत राहिलं. घरात सगळे पोट धरून हसले. वहिनीही हसल्या, पण पुढच्या आठवड्यात टेबलावर फक्त इस्त्रीच होती.

मग त्यांनी वेगळी युक्ती काढली. चित्राला दिवस लागतात, फोटोला डोळ्याचं पातं लवेस्तोवरचा वेळ. तेव्हा जे रंगवायचंय ते आधी टिपून ठेवायचं. रंगवायचं मागाहून, सवड मिळेल तेव्हा. कॅमेरा फळीवरून खाली आला आणि स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याशेजारी राहू लागला. वहिनी काय टिपत? ओल्या फरशीवर पडलेला खिडकीचा चौकोन. खुंटीवरचा दादांचा शर्ट, ज्यात दादा नाहीत. जिन्यातली चाक काढलेली सायकल. पलंगाच्या कडेला टेकलेला सासूबाईंचा हात. माणसांचे चेहरे फारसे नसतच. दादा म्हणायचे, "फोटो काढलास ना? मग तेच परत हाताने कशाला काढायचं? एका कामाचे दोन हेलपाटे."

फोटो काळेपांढरेच असत, कारण ते घरी धुता येत. न्हाणीघराच्या झरोक्याला कांबळं ठोकायचं, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबायचा, आत एक लाल दिवा लावायचा. "आमच्याकडे आंघोळीला परवाना लागतो," हा दादांचा ठरलेला विनोद. न्हाणीघराची कडी सैल होती. एकदा भावजी छापखान्यातून आले आणि सवयीने दार ढकलून आत गेले. त्यांना पाय धुवायचे होते, बाकी काही नाही. उजेड लागून आतले नऊ कागद त्यांच्या डोळ्यांदेखत काळे पडले. वहिनी म्हणाल्या, "या, धुवा पाय." आवाज उतरलेला होता. त्या नऊ कागदांवर काय होतं, हे भावजींनी कधी विचारलं नाही. भीड पडली, आणि मग ती भीड तशीच जुनी झाली.

काळ्यापांढऱ्या फोटोत रंग राहत नाही. म्हणून वहिनी फोटो टिपला की लगेच, हातातलं काम तसंच टाकून, मिळेल त्या चिठोऱ्यावर रंग लिहून घेत आणि फोटो धुऊन झाला की शिसपेन्सिलीने त्याच्या पाठीवर उतरवत. चिठोरं फेकून देत. 'फरशी राखेसारखी, पण ओली. चौकोन कांद्याच्या सालीचा, डावीकडे फिकटत जातो. सावली काळी नाही, जांभळी.' असं. हे भावजींना फार उशिरा कळलं. लिहिताना त्यांनी वहिनींना शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या घरात वहिनी सगळीकडेच लिहीत: कॅलेंडरवर औषधांच्या वेळा, पाकिटांवर आणायच्या वस्तू, मुलांच्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर कसल्या कसल्या तारखा. वहिनींचं अक्षर दिसलं की कुणाला तरी काहीतरी करायला सांगितलेलं असणार, हे घरात पक्कं होतं. म्हणून ते वाचणं सगळेच टाळायचे.

फोटो बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत गेले. एक डबा भरला, दुसरा आला, मग तिसरा. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला होत्या. थोरलीचं लग्न झालं, मधल्याने वेगळं घर केलं. सासूबाई गेल्या आणि त्याच वर्षी धाकटा दुसऱ्या गावी नोकरीला लागला. तेव्हा वहिनींना एकसष्ट वर्षं पूर्ण झाली होती.

एका रविवारी जेवताना त्या म्हणाल्या, "मधली खोली आता मी घेणार आहे."

"कशाला?" दादांनी विचारलं.

"चित्रं काढायला."

"आता?"

"मग कधी?"

दादांनी आमटीचा भुरका मारला आणि विषय संपला. काय काढणार, हे कुणीच विचारलं नाही. भावजींच्या मनात आलं होतं, पण दादा असताना आपण मध्ये कशाला, म्हणून त्यांनी पुढचा घास घेतला. आठवड्याभरात मधल्या खोलीत चित्र टेकवायची एक घोडी आली, लाकडी चौकटींवर ताणलेले दहा कोरे कॅनव्हास आले, आणि तिन्ही डबे टेबलावर ओळीने बसले. उद्यापासून सुरू, म्हणता म्हणता थोरलीचा फोन आला. डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायचं नाही असं सांगितलं होतं, बाळंतपण अवघड होतं. वहिनींनी बॅग भरली. जाताना मधल्या खोलीचं दार लावून घेत म्हणाल्या, "आल्यावर बघू."

त्या दोन महिने गेल्या होत्या. भावजींना तेव्हा निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि हात रिकामे होते. डब्यांतले फोटो कडेने वळायला लागलेले त्यांनी पाहिले. नऊ काळे कागद अजून त्यांच्या मनात होते. वहिनी परत येतील तेव्हा आपण काहीतरी करून दाखवावं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं. त्यांनी दादांना विचारलं. दादा म्हणाले, "कर की. नाहीतरी डब्यात कुजतायत."

मग भावजींनी जे केलं ते मन लावून केलं. जाड राखी कागद आणला, जुज, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, शिवून सहा अल्बम बांधले, कोपऱ्यांना चामडं लावलं. मैद्याची खळ शिजवली, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातला. लोक फोटोच्या चार कोपऱ्यांना थेंब थेंब लावून भागवतात. भावजींच्या लेखी ती कामचोरी. त्यांचे उस्ताद सांगायचे, काम असं करावं की फाडल्याशिवाय उघडू नये. भावजींनी प्रत्येक फोटोच्या पाठीला कडेपासून कडेपर्यंत खळ लावली, बसवला, वरून हाडाची पट्टी फिरवली, एकही फुगा राहू दिला नाही. पाठीवर पेन्सिलीचं काहीतरी आहे हे त्यांना दिसत होतं. वहिनींचं अक्षर, म्हणजे घरातलं काहीतरी असेल. चष्मा कपाळावर होता. खळ लावायला चष्मा लागत नाही, हाताला कळतं. चारशे बारा फोटो पाच आठवड्यांत झाले. चारशे बारा वेळा ते अक्षर ब्रशाखाली गेलं आणि एकदाही चष्मा खाली आला नाही.

वहिनी आल्या त्या थोरलीला आणि बाळाला घेऊनच. मधल्या खोलीच्या टेबलावर डब्यांच्या जागी सहा अल्बम होते. थोरलीने पहिलाच उघडला आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "काका, तुम्ही आईचं सगळं आयुष्य सांभाळून ठेवलंत हो." दादांनी चामड्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. वहिनींनी एक पान उलटलं. मग एका फोटोच्या कडेखाली नख घातलं. नख आत जाईना.

"सगळे असेच?" त्यांनी विचारलं.

"सगळे," भावजी म्हणाले. आणि त्यांना बोलायची हौस नव्हती, पण त्या दिवशी जीभ सैल झाली होती, म्हणून पुढे म्हणाले, "पक्की खळ आहे. आपण गेलो तरी निघायचे नाहीत."

वहिनींनी अल्बम मिटला. काम सुबक आहे म्हणाल्या आणि बाळाचं पाणी तापवायला गेल्या. भावजींना त्या रात्री गाढ झोप लागली. हे त्यांना पुढे फार बोचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला ते पाणी प्यायला उठले तर मधल्या खोलीत किटली वाफाळत होती. वहिनी एका पानाला वाफ देऊन फोटो सोडवत होत्या. फोटो निघाला, पण पाठीचा पापुद्रा पानालाच राहिला, लोकरीसारखा पिंजून. त्यात दोन शब्द कसेबसे लागत होते: 'पण ओली.' भावजी दारातच थांबले. चष्मा आत्ता नाकावर होता.

"मागे रंग लिहिले होते, भावजी," वहिनी म्हणाल्या. "वाचलं नाहीत?"

"मला वाटलं, घरातलं काही असेल."

"घरातलंच होतं."

त्यानंतर वहिनींनी अकरा फोटो सोडवले. अकरांपैकी एकावरचंही काही नीट लागलं नाही. खळ उत्तम होती. भावजी स्वतः ओलं फडकं आणि पातळ सुरी घेऊन बसले. आयुष्यभर जे पक्कं करायला शिकले ते सुटं करायला त्यांना येत नव्हतं. आठवतील तसे रंग भरा, असं ते एकदा चाचरत म्हणाले. आठवत असते तर लिहिले कशाला असते, असं वहिनी म्हणाल्या, आणि तेही रागाने नाही. धाकट्याला गणित समजावताना बोलायच्या तसं.

तरी त्यांनी एक करून पाहिलं. ओल्या फरशीचंच. सहा दुपारी त्या घोडीसमोर बसल्या. दादा आत डोकावून म्हणाले, "वा, हुबेहूब." वहिनींनी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. फरशी होती, चौकोन होता, पण ही कुणाच्याही घरातली फरशी आहे, असं त्या थोरलीला म्हणताना भावजींनी ऐकलं. थोरली म्हणाली, आई, आता मोबाइलवर रंगीत काढत जा ना, लिहायची कटकटच नको. बरोबरच होतं. फक्त मोबाइलने टिपायला सासूबाईंचा हात आता नव्हता, आणि धाकट्याचं दप्तरही नव्हतं.

थोरलीची रजा संपली. बाळ आजीकडे राहिलं आणि मधल्या खोलीत पाळणा आला. घोडीवर दुपटी वाळू लागली. कॅनव्हास कपाटामागे गेले. थंडीत गॅलरीची एक काच फुटली तेव्हा वहिनींनीच त्यातला एक कोरा कॅनव्हास आणून त्या चौकटीत घट्ट बसवला. "वारा लागतो तुम्हाला," म्हणाल्या. काच काही परत बसली नाही. भावजी रोज सकाळी डोळे उघडत ते त्या पांढऱ्या चौकोनावर. पाहुणे आले की दादा अल्बम काढत. फोटोंपेक्षा बांधणीचंच कौतुक जास्त व्हायचं. कुणी म्हणे, असे कारागीर आता मिळत नाहीत. वहिनी चहाचा ट्रे घेऊन येत आणि भावजींना आधी कप देत.

माफी मागायची म्हणून भावजींनी मनात कितीदा वाक्य जुळवलं. ते ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच त्याला पाय फुटायचे. चार वर्षं अशीच गेली. मग वहिनींचं दुखणं निघालं, खाट मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून लावली, कारण खिडकीच्या बाजूला पाळण्याच्या जागी आता नातवंडाची छोटी खाट होती.

शेवटच्या दिवशी सकाळी भावजी औषधं घेऊन आले. बाटली उशाशी ठेवली, चमचा पुसून शेजारी ठेवला. आजच बोलून टाकू, असं जिना चढताना त्यांनी ठरवलं होतं. वहिनींनी डोळे उघडले.

"बाहेर ऊन पडलंय का हो?"

"पडलंय की."

"कसलं?"

भावजींनी वळून खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"रोजचंच," ते म्हणाले.

"बरं. जाताना दार ओढून घ्या."