देवी निजलेली असताना

वाट बघणं हा माझा पिंडच नव्हे. चहाला उकळी फुटायच्या आत मी चारदा भांड्यात डोकावते, असं आई म्हणते आणि त्यात खोटं काही नाही. नेमकी अशा माणसावर देवीने वाट बघायची पाळी आणली. जर्मनीत जाऊन मी मातीचं शास्त्र शिकले. शिक्षण पुरं झालं, निकाल चांगला लागला आणि तिथल्या माझ्या सरांनी आपण होऊन विचारलं, पुढे संशोधनाला राहतेस का? विषयही माझ्या मनातलाच. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तरी पोटात ओल कशी धरून ठेवते? सर राजी, मी तर नाचायलाच लागले. घोडं अडलं ते फेलोशिपवर. ती मिळाली तर संशोधन. नाही मिळाली तर सरांकडची जागा दुसऱ्या कुणाला आणि माझा तिथला मुक्काम कायमचा संपला. मुलाखत झाली. 'कळवू' म्हणाले. मातीचे नमुने गोळा करायच्या निमित्ताने मी तुळजापूरला घरी आले ती तो एक शब्द उराशी धरून.

नमुने कसले नि काय! दिवसभर मोबाइल हातात. जेवताना शेजारी, अंघोळीला जाताना खिडकीत. आई एकदा वैतागून म्हणाली, "त्याला हळदकुंकू वाहा आता, म्हंजी तरी बोलंल." मी चिडले, मग हसले आणि हसता हसता परत मोबाइल बघितला. मला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा जास्त एक उकळी होती आत. मिळालं तर! या दोन शब्दांवर मी रोज जगत होते.

देवीचं म्हणाल, तर तुळजापुरात वाढलेल्या पोरीला ती घरातलीच. परीक्षेला जाताना कळसाला हात जोडायचे, पास झालं की पेढा ठेवायचा. पण परदेशात गेल्यापासून मनात एक शंका घर करून बसली होती. कुठून कुठून माणसं येऊन तिच्यापुढे आपापलं गाऱ्हाणं सांगतात. त्या गर्दीत माझ्या ईमेलशी तिचा काय संबंध? आईपुढे हे बोलायची माझी छाती नव्हती. हात जोडत होते, पण आतून ते जोडले जात नव्हते, एवढं खरं.

भाद्रपदाचा वद्य पक्ष चालू होता. नवरात्र बसण्याआधी आमच्याकडे देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. मंचकी निद्रा म्हणतात तिला. पुढच्या लढाईआधी ती विसावा घेते, ती घटस्थापनेला पहाटे उठते. तिच्या गादीसाठी आधी कापूस पिंजला जातो आणि बायका देवीची गाणी म्हणत तो हाताने वेचून साफ करतात. आईने मला जवळजवळ ढकलतच तिथं नेऊन बसवलं. "हाताला काम दे, डोकं आपोआप गप बसतंय," म्हणाली.

माझ्या शेजारी सास्तूरच्या एक मावशी बसल्या होत्या. मोठ्या बागायतदाराच्या घरच्या, हातात जाडजूड पाटल्या, आवाज सभामंडपाला पुरेल असा. मांडी घालता येत नाही म्हणून बसायला घरून पाट आणलेला. मी कापूस कमी आणि मोबाइल जास्त बघतेय हे त्यांनी क्षणात हेरलं.

"काय गं, कुणाचा निरोप यायचाय? स्थळ बघितलंय व्हय?"

भोवतालच्या बायका खदाखदा हसल्या. मी लाजत सगळं सांगितलं. जर्मनी, माती, फेलोशिप. मावशींनी डोळे मोठे केले. "मातीचं शिकायला समुद्रापल्याड गेलीस? अगं, आमच्या रानात ये की! लागंल तेवढी ने, कोण न्हाय म्हणतंय?" मग त्यांनी माझ्या हातातला कापसाचा पुंजका उलटा करून त्यात अडकलेली सरकी काढली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पर एक ध्यानात ठेव, पोरी. आईच्या गादीचा कापूस वेचताना मागायचं न्हाय. माझी सासू म्हणायची, मागणं म्हंजी सरकी. एक जरी आत राहिली, तरी आईला टोचती. मागायचं तर उंबऱ्याशी जाऊन माग. हितं नुसतं वेच."

मी मोबाइल पिशवीत टाकला आणि नुसतं वेचायला बसले. काय सांगू, किती अवघड ते! बोटं कापसात आणि मन त्या ईमेलमध्ये. पुंजका हातात घेतला की 'मिळू दे' आलंच, तो टाकून दुसरा घेतला की पुन्हा तेच. शेवटी मला माझंच हसू आलं. सरकी काढणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवी निजणार होती आणि योगायोग असा की, निकालही त्याच दिवशी कळवतो, असा ईमेल आदल्या रात्री आलेला. आईने नवस बोललेला, काम झालं की खणानारळाने ओटी भरीन. तिने विचार केला, संध्याकाळी देवी निजली की मग घटस्थापनेपर्यंत थांबायचं आणि तेव्हा तर मुंगीला शिरायला जागा नसते. म्हणून तिने सकाळीच जाऊन ओटी भरून टाकली. आमचे ओळखीचे पुजारी काका म्हणाले, "कशाबद्दल, वहिनी?"

"लेकीचं काम झालं."

"झालं का? वा!"

"संध्याकाळी होतंय," आई म्हणाली.

काकांना हसू आवरेना. मी शेजारी उभी, मेल्याहून मेल्यासारखी झाले. नवस आधी फेडून मग फळाची वाट बघणारी माझी आई एकटीच असेल. पण तिचा चेहरा असा उजळला होता की, मला तिला काही बोलवेना. घरी येईपर्यंत तिचा उत्साह मलाही लागला. मी तर जर्मनीला परत न्यायच्या शेंगदाण्याच्या चटणीचा हिशोबसुद्धा मनात मांडला.

संध्याकाळी देवी निजली. आम्ही दर्शन घेऊन घरी आलो, चपला काढतोय तोच मोबाइल वाजला. ईमेल. मी उभ्या उभ्या वाचला. तुमचा प्रस्ताव आम्हाला आवडला, पण जागा एकच आहे आणि ती दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. त्यांनी नाकारली तर तुमचा विचार होईल. सरांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, तीही तुझ्यासारखीच एक मुलगी आहे, नाव मलाही सांगत नाहीत, तिच्या उत्तरासाठी थोडे दिवस थांबावं लागेल.

मी मटकन खाली बसले आणि रडले, भोकाड पसरून रडले. आई मात्र रडली नाही, तिचं तोंड पांढरंफटक पडलं. "अगं, मी आईला सांगून बसले की काम झालं म्हणून! तिच्यापुढं खोटी पडले की गं मी!"

"मग जा नि सांग, अजून व्हायचंय म्हणून."

"आता? निजली की ती! निजलेल्या माणसाला कुणी उठवतं व्हय?"

रडता रडता मला हसू फुटलं. वडील आतून काय झालं, काय झालं करत आले तर आम्ही दोघी डोळे पुसत हसतोय.

पण नंतर ते वाक्य माझी पाठ सोडेना. देवी निजली होती. मागायची सोय नव्हती. आणि मागायची सोय असती तरी मी काय मागणार होते? त्या मुलीला 'नको' म्हणू दे? तीही कुठंतरी माझ्यासारखीच मोबाइल उशाशी घेऊन झोपली असेल, तिचीही आई असेल. तिचं मन फिरव आणि मला दे, असं कुठल्या तोंडाने मागायचं? माझी इच्छा तर इंगळासारखी पेटलेली, ती विझली असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ती घेऊन जायला दार नव्हतं. मग पहिल्यांदाच, नाइलाजाने का होईना, मी ती तशीच सोडून दिली. म्हटलं, आई, तू झोप. तू उठशील तेव्हा बघू. आणि गंमत म्हणजे मलाही त्यानंतर गाढ झोप लागायला लागली.

घरात बसून करायचं काय? मावशींचं बोलावणं आठवलं, येते म्हणून त्यांना फोनवर कळवलं. माती काढायचा लोखंडी नळा आणि पिशव्या घेऊन मी एसटीने सास्तूरला गेले. फाट्यावर मावशी स्वतः बैलगाडीत बसून मला न्यायला आलेल्या! "मोटारसायकलीवर मला भ्या वाटतंय," म्हणाल्या. रानात सोयाबीन पिवळं पडत आलेलं. पावसाने ओढ दिल्यामुळे वरची जमीन कोरडी, बोटभर भेगा पडलेल्या. बांधाच्या कडेला आम्ही खड्डा घेतला. मावशी काठावर पाट टाकून बसल्या, मी कमरेइतक्या खड्ड्यात. आणि खाली, भेगांच्या तळाशी, माती गार लागली. मुठीत दाबली तर तिचा गोळा झाला.

"मावशी! ओल! ओल बघा!" मी ओरडलेच.

मावशी उठल्या, पदर खोचला आणि माझा हात धरून त्या वयात खड्ड्यात उतरल्या. त्यांनी भिंतीला तळहात लावला. "बया बया बया! चाळीस वरसं ह्या रानावर चालले, पर ह्याच्या पोटात हात घातला तो आजच!" त्या लहान मुलीसारख्या खिदळायला लागल्या. मी भेगांची खोली मोजायला मातीला टेकून वाकडी झाले होते, नाकातोंडात धूळ, नखांत चिखल, आणि अंगात असा आनंद भरलेला की सांगता येत नाही. फेलोशिप मिळो न मिळो, हे बघायला मला मिळालं होतं. मी त्या अख्ख्या सकाळी एकदाही काही मागितलं नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पिशवी लिंबाला अडकवलेली होती. मावशी म्हणाल्या, "तुझी पिशवी वाजतीया गं."

मी चिखलाच्या हातानेच फोन घेतला. सर होते. ते सावकाश म्हणाले की, त्या मुलीने घरच्या कारणासाठी जागा नाकारली, आता ती तुझी आहे, तुला हवी आहे ना? मला हवी आहे ना!  फोन कानाला, डोळ्यांतून पाणी. इंग्रजीतलं एक अक्षर कळत नसताना मावशींना माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळलं. त्यांनी मला गदागदा हलवलं. "अगं व्हय म्हण की! व्हय म्हण!"

"व्हय," मी म्हणाले. सर गोंधळले. मग मी हो हो, हो सर, असं इंग्रजीत दहादा म्हणाले असेन. मावशींनी मला मिठी मारली, त्यांचं भारी इरकली लुगडं चिखलाने माखलं, त्याचं त्यांना काही नव्हतं.

आईला फोन लावला. "आई, मिळाली!"  पलीकडून तिचा चक्रावलेला आवाज आला, "अगं, पर ती तर निजलीय अजून!"

मला या गोष्टीचा वाद कुणाशी घालायचा नाही. कुणी योगायोग म्हणेल, मी नाही म्हणणार नाही. माझं एवढंच, की ज्या दिवसांत मला मागता आलं नाही, त्याच दिवसांत मला दिलं गेलं, आणि माझी जुनी शंका त्यानंतर पुन्हा वर आली नाही. एसटीत येताना मी आनंदाने कंडक्टरलाही सांगून टाकलं. पण त्या आनंदात एक शब्द सारखा मध्ये येत होता. घरच्या कारणासाठी. कसलं कारण? कुणी आजारी असेल का? का काही चांगलंच असेल, बारसं असेल, लग्न असेल? सरांना माहीत नव्हतं आणि मला कधी कळणारही नव्हतं.

घटस्थापनेला आम्ही दोघी पहाटेपासून रांगेत होतो. देवी जागी झाली होती, सिंहासनावर बसली होती. मी आभार मानायला आले होते, शब्दसुद्धा मनात जुळवून ठेवलेले. समोर गेले, तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि ते शब्द गेले कुठल्या कुठं. हात मात्र या वेळी आतून जोडले गेले, आणि तोंडातून आलं ते एक मागणं. मागून लोक ढकलत होते, सेवेकरी 'पुढं चला, पुढं चला' करत होते, तरी मी ते पुरतं बोलले.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "एवढं काय मागत होतीस? मिळालं की सगळं."

"त्या मुलीसाठी मागितलं. तिच्या घरी सगळं नीट होऊ दे म्हणून."

"नाव काय तिचं?"

"ठाऊक नाही गं."

आईने पदराने माझ्या कपाळावरचं पसरलेलं कुंकू नीट केलं. "असू दे," ती म्हणाली, "आईला ठावं असंल."