पिंजाऱ्याच्या घरातला आवाज

त्या सकाळी जव्हारवर धुकं इतकं दाट होतं की शाळेच्या फाटकात कोण उभं आहे ते मला वर्गाच्या दारातून दिसत नव्हतं. नुसती एक सावली होती, अंगाभोवती शाल लपेटलेली. जवळ गेले तेव्हा कळलं, युसुफ. जैतूनचा धाकटा भाऊ. तो शाळेत कधी येत नाही. मला पाहून त्यानं शालीचं टोक तोंडाशी धरलं आणि म्हणाला, "शालूताई, ठाण्याहून फोन आला होता. आपा गेली. झोपेतच." मग आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. आत मुलांचे पाढे चालू होते. धुक्यातून ते फार लांबून आल्यासारखे वाटत होते…

वर्तमानपत्रांनी तिच्याबद्दल चार-सहा ओळी छापल्या. 'भारदस्त आवाजाची अभिनेत्री' असं सगळ्यांनीच लिहिलं. ते खरंच आहे. पण या आवाजापायी तिला काय काय सोसावं लागलं, आणि तिनं तो कसा सांभाळला, हे जव्हारबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्ही दोघी पाचवीत होतो.

वर्गाचा पहिला दिवस. गुरुजी हजेरी घेत होते. "जैतून मेहबूब" असं नाव पुकारलं आणि "हजर" असं उत्तर आलं, तशी सगळ्या वर्गानं दाराकडे मान वळवली. आम्हाला वाटलं, कुणाचे तरी वडील आलेत. दारात कुणीच नव्हतं. मागच्या रांगेत दोन वेण्या घातलेली एक काटकुळी मुलगी खाली मान घालून बसली होती. मग जो हशा पिकला… त्यानंतर कितीतरी महिने ती वर्गात बोललीच नाही. हजेरीला नुसता हात वर करायची.

तिचे वडील मेहबूबचाचा पिंजारी. थंडी सुरू व्हायच्या आधी खोडाळ्याच्या बाजारापासून जामसरपर्यंत गाद्या-रजया भरायची कामं त्यांच्याकडे असायची. घराच्या पुढच्या खोलीत छताला पिंजण टांगलेलं होतं. भल्या मोठ्या धनुष्यासारखं. लाकडी मोगरीनं त्याची तात छेडली की तिचा जाड, खोल नाद सगळ्या आळीत घुमायचा, आणि खोलीत कापूस उडू लागायचा. मी तिच्याकडे अभ्यासाला जायची तेव्हा त्या खोलीतून आत जावं लागे. खिडकीतून येणाऱ्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असायचे, खालीवर, खालीवर. पलीकडची भिंत दिसायची नाही. चाचा तोंडाला फडकं बांधून त्या पांढऱ्या धुरळ्यात उभे. कोण आलं, कोण गेलं हे ते बघून नाही, ऐकून ओळखायचे. "कोन, जैतून का?" "हां अब्बा." "संगं कोन हाय?" "शालू." बस्स, एवढंच. पुन्हा तातीचा नाद सुरू. त्या घरात जैतूनच्या आवाजाला कुणी कधी हसलं नव्हतं. त्या नादातच तो वाढलेला होता.

सातवीत असताना स्नेहसंमेलनात मुलींनी सत्यवान-सावित्रीचं नाटक बसवलं. यम व्हायला कुणी तयार होईना. बाईंनी जैतूनला उभं केलं. ती नको नको म्हणत होती, पण बाईंनी ऐकलं नाही. तिच्या आईची काळी ओढणी, पुठ्ठ्याचा मुकुट… ती रंगमंचावर आली, सावित्रीकडे पाहिलं आणि गप्प उभी राहिली. आम्हाला वाटलं, विसरली. विंगेतून बाई शब्द पुरवायला लागल्या. जैतूननं सावकाश श्वास घेतला आणि म्हणाली, "मुली, मागे फीर." पुढच्या रांगेतलं एक लहान मूल रडायला लागलं. बाकी कुणी हसलं नाही, हललंही नाही. नाटक संपल्यावर मी तिला विचारलं, "मध्येच थांबलीस का गं?" ती म्हणाली, "कापूस मोगरीच्या ठोक्यानं नाही मोकळा होत. ठोक्यानंतर तात थरथरत राहते ना, तेव्हा होतो. म्हटलं, लोकांना जरा थरथरू दे." बारा-तेरा वर्षांची पोर हे सांगत होती. तिला स्वतःलाही ते बोलल्यावर हसू आलं.

मॅट्रिकनंतर मी शिक्षिका झाले आणि इथंच राहिले. ती ठाण्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे गेली. एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. लोक तिला फोनवर 'भाऊसाहेब' म्हणायचे आणि ती तशीच उत्तरं द्यायची. तिथल्याच कुणी तिला हौशी नाटक मंडळींत नेलं. पहिली दोन वर्षं पडद्यामागून आकाशवाणी बोलायची, झालंच तर वाड्याच्या बाहेरून ओरडणारा रामोशी. मग त्या मंडळींनी ते नाटक घेतलं, ज्यानं ती जैतून झाली. धरणाच्या पाण्याखाली जाणारं एक गाव, आणि घर सोडायला तयार नसलेली म्हातारी. तिशीही न गाठलेली जैतून सत्तरीची म्हातारी होऊन तीन अंक कोपऱ्यात बसून राहायची. सगळं गाव तिच्यासमोर भांडतं, सामान बांधतं, निघून जातं. शेवटी ती एकटी उरते आणि बोलायला लागते. मी ठाण्याला जाऊन ते पाहिलं. बाहेर पडल्यावर लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, मयतीहून परतताना बोलतात तसे.

त्या नाटकावरून तिला सिनेमा मिळाला. नायकाची बहीण. काम चांगलं होतं, शेवटी बहीण मरते. जव्हारच्या मैदानात तंबूचा सिनेमा यायचा, तिथं तो लागला तेव्हा जैतून मुद्दाम रजा काढून आली. चाचा आयुष्यात कधी सिनेमाला गेले नव्हते. ते धुतलेला सदरा घालून आले. तिची आई, युसुफ, मी, सगळे संध्याकाळच्या खेळाला एका रांगेत बसलो. पडद्यावर जैतून आली तशी आख्ख्या तंबूनं टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आपल्या गावची पोर! ती पडद्यावर हसली, भावाला ओवाळलं, आणि बोलली.

आवाज तिचा नव्हता.

कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज. नाजूक, गोड, साखरेच्या पाकातला. मी अंधारात जैतूनकडे पाहिलं. ती ओठ घट्ट मिटून पडद्याकडे बघत होती. आवाज भरायला तिला एकदाच बोलावलं होतं आणि मग 'कळवतो' म्हणाले होते, ते तिनं मला नंतर सांगितलं. तंबूतल्या लोकांना काही खटकलं नाही. सिनेमातल्या बाया अशाच बोलतात. फक्त चाचा उठले आणि गुडघ्यांना धक्के लागत असलेल्या लोकांची माफी मागत बाहेर गेले. आम्ही दोघी त्यांच्या मागे.

ते तंबूच्या दोराशी उभे होते. रागावलेले नव्हते. गोंधळलेले होते.

"तोंड तुजं," ते म्हणाले. "बोलतंय कोन?"

"असेल मुंबईची कुणीतरी, अब्बा. माझा आवाज त्यांना जाड वाटला."

चाचांनी एकदा तंबूकडे वळून पाहिलं. "मंग तोंड बी तिचंच घ्यायचं होतं," म्हणाले, आणि घराकडे चालू लागले.

मी म्हटलं, "चल, आपणही जाऊ." जैतून तंबूच्या दाराकडे वळली. "नाही गं. शेवटी मी मरते म्हणतात. बघू तरी, कसल्या आवाजात मरते." आम्ही आत जाऊन पुन्हा बसलो. पडद्यावरची जैतून त्या गोड आवाजात "दादा, येते रे" म्हणून मेली. मागे बायका हुंदके देत होत्या. माझ्या शेजारची जैतून हसत होती… हसता हसता तिनं माझा हात धरला, तो खेळ संपून दिवे लागले तरी सोडला नाही.

त्यानंतर तिनं एकच अट ठेवली. माझा आवाज असेल तर काम करीन. ऐकणाऱ्यांना ती गंमत वाटायची. सिनेमावाले हळूहळू यायचे बंद झाले. नोकरी होती म्हणून पोट भरत होतं, आणि संध्याकाळी नाटक होतं. एकदा मी तिला म्हटलंही, "इतकी काय अडून बसतेस? तोंड दिसतं ना तुझं. लोक ओळखतात." ती म्हणाली, "शालू, तुझ्या वर्गात तू नुसती उभी राहिलीस आणि शिकवायला दुसरीच कुणी आली तर? पगार तुलाच."

अशी सात-आठ वर्षं गेली. ती सुट्टीत यायची तेव्हा आम्ही गावाबाहेर पठाराच्या कडेपर्यंत चालत जायचो. खाली दऱ्यांतून ढग भरलेले असायचे, त्यांतून कुठं डोंगराचं डोकं, कुठं एखादं झाड वर आलेलं. ती बोलायची कमी. मधूनच एखादं वाक्य दरीकडे तोंड करून म्हणायची, अगदी हळू, आणि ते परत येतंय का ऐकत राहायची. मला तेव्हा नेहमी वाटायचं की आपण दोघी अजून त्या कापसाच्या खोलीतच आहोत.

म्हातारीचं नाटक ती मंडळी जव्हारला घेऊन आली ते तिच्या हट्टानं. चाचांची छाती तोवर कापसानं भरून गेली होती. जिना चढवत नव्हता, बोलताना धाप लागायची. शाळेच्या मैदानात रंगमंच बांधला. साखरशेतहून, खोडाळ्याहून माणसं आली, बायका पोरांना पाठीशी बांधून आल्या. चाचांना पुढे खुर्चीत रजईत गुंडाळून बसवलं होतं. तिसऱ्या अंकात गाव निघून गेलं, म्हातारी एकटी उरली, आणि नेमकी वीज गेली. दिवे गेले, माईक गेला. मैदानात गलका झाला. पोरं ओरडायला लागली, संयोजक कंदील शोधत धावले. मी पुढच्याच रांगेत होते. मला वाटलं, संपलं, आता पडदा पाडतील.

जैतून थांबली होती. किती वेळ, सांगता येत नाही. गलका आपोआप विरत गेला. सगळं मैदान काळंभोर झालं, आणि त्या काळोखातून तिचा आवाज आला. चढवलेला नाही, ताणलेला नाही. ती म्हातारी आपल्या घराच्या भिंतीशी बोलत होती. चुलीशी बोलत होती. उंबऱ्याला सांगत होती की पाणी आलं म्हणजे घाबरू नको. पाठीमागे, पार फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांपर्यंत एकेक शब्द पोचत होता. माझ्या शेजारी चाचा खोकला दाबून धरत होते. पेट्रोमॅक्स आली तेव्हा तिचं बोलणं संपत आलं होतं आणि उजेडाकडे कुणी पाहिलंही नाही.

नाटक सुटल्यावर खोडाळ्याची एक म्हातारी तिच्यापुढे आली. "बाय, दिसलीस नाय, पन समदं आयकलं," म्हणाली आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून गेली. मग जैतून तशीच, रंग न पुसता, चाचांच्या खुर्चीशी येऊन खाली बसली. चाचांनी रजईतून हात काढला आणि तिच्या गळ्यावर ठेवला, आवाज कुठून येतो ते चाचपून बघावं तसा.

"आज वळखली तुला," ते म्हणाले.

ते त्याच हिवाळ्यात गेले. पुढं दिवस पालटले. एका तरुण दिग्दर्शकानं तिला तिच्या आवाजासकट सिनेमात घेतलं. सिनेमा फारसा चालला नाही, पण तो आवाज लोकांच्या कानात राहिला. मग तुरुंगाची अधिकारीण, सरकारी दवाखान्यातली मोठी नर्स, गुंडाची आई, अशी कामं येत राहिली. एसटीत तिनं तिकीट मागितलं की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायची. आता ती हसायची नाहीत. काही जण उठून जागा द्यायचे.

तिला जव्हारलाच आणलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून मी तिच्या आईजवळ घरात बसून राहिले. गेल्या आठवड्यात तिचा चाळिसावा दिवस झाला. माणसं पांगल्यावर आई मला म्हणाली, "वर तिच्या खोलीत चल, घडीभर बसू." युसुफही आला. माडीवरची ती खोली साधीच. एक गादी, वडिलांनी भरलेली. भिंतीला एक आरसा. रस्त्यावर उघडणारी खिडकी. आम्ही तिघं बसलो. आईला चहा हवासा वाटला.

जैतून इथं असली की त्या खिडकीतून समोरच्या काशिनाथच्या टपरीवर चहा सांगायची. ओरडायची नाही. नुसतं उभं राहून, शेजाऱ्याशी बोलावं तसं, "काशिनाथ, तीन. एक बिनसाखरेचा." रस्त्यावर एसटी असो, बाजार असो, चहा यायचा. बिनसाखरेचा तिचा असायचा.

मी खिडकी उघडली. "काशिनाथ, तीन चहा." त्यानं मान वर केली नाही. पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं. वर्गावर ओरडायची सवय असलेला माझा आवाज, पण खालच्या रस्त्यातच कुठंतरी विरून जात होता. शेवटी मी जिना उतरून रस्ता ओलांडला.

"बाई, तुम्ही कशाला खाली आलात?" काशिनाथ म्हणाला. "वरून सांगायचं ना."

"सांगितलं की. तीनदा. तुला ऐकू आलं नाही."

त्यानं स्टोव्हची हवा कमी केली. खिडकीकडे पाहिलं. ती उघडीच होती, आत युसुफच्या डोक्याचा काळा ठिपका दिसत होता.

"हां…" तो म्हणाला. "त्या खिडकीतून त्यांचंच ऐकू यायचं."

मग त्यानं कप विसळले, चहा गाळला, आणि एका कपात साखर न घालता चमचा तसाच बाजूला ठेवला. मी तिन्ही कप घेतले आणि सांडू नये म्हणून सावकाश, एकेक पायरी बघत, वर गेले.